तेरमार्गे अणदूर: आण्णांची बिनलोखंडाची कमान

माझे वडील, म्हणजे आमचे आण्णा, गवंडी आणि मी इंजिनिअर, त्यामुळे घरात वादाला विषय कधी कमी पडत नाही. या वेळचा वाद अणदूरच्या एका ओढ्यावरच्या पुलाचा होता. शेताकडं जायला नळ्या टाकून केलेली वाट दोनदा वाहून गेली, तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांनी आण्णांना बोलावलं. आण्णांनी दगड आणि चुन्याची कमान उभी केली. लोखंड अजिबात नाही, आणि नेमकं तेच मला पटत नव्हतं! शनिवारी कमानीखालचा लाकडी आधार, म्हणजे सेंटरिंग, निघणार होता. कमान कोसळली असती तर आण्णांची आयुष्यभराची अब्रू गेली असती. मी शुक्रवारीच पुण्याहून येरमाळ्याला घरी पोचले.

शनिवारी सकाळी आण्णांना घेऊन गाडी काढली. हायवेवर पेढे घ्या, आणि पुढं ढोकीमार्गे तेरच्या रस्त्याला घाई करू नका, हाडं खिळखिळी होतात. तेरला थांबायचा हट्ट माझा. दोन हजार वर्षांपूर्वी इथला माल रोमपर्यंत जायचा आणि तिकडच्या वस्तू इथं यायच्या. त्या वस्तूंच्या संग्रहालयाला तास पुरतो म्हणतात, आम्हाला दोन लागले. बाहेर पारावर बसून मी आण्णांना माझ्या फोनवर स्पेनमधल्या रोमन जलसेतूचा, म्हणजे पाणी नेणाऱ्या पुलाचा, फोटो दाखवला. कमानींवर कमानी, दगडांत चुनासुद्धा नाही, आणि अजून उभा.

आण्णांनी फोटो बोटांनी मोठा केला. "मधला कळीचा दगड बघ की. आमच्यावाणीच बसवलाय."

"तुमच्या लई आधी बसवलाय, आण्णा."

"व्हय ना? मग त्यांनी लोखंड न्हाय घातलं ते चालतंय, आन् मलाच का गं दम देतीस?"

परीक्षेत रोमन कमानीवर पानंच्या पानं लिहिली होती मी, पण बापाच्या कमानीवर भरवसा नव्हता. खरंच लाज वाटली.

धाराशिवला भाकरी, आमटी आणि शेंगाची चटणी हाणली. तुळजापूर, नळदुर्ग करत अणदूरला पोचेपर्यंत दुपार कलली. ओढ्यावर अर्धी वस्ती जमली होती.

"आण्णा, ट्रॅक्टर जाईल का वो ह्याच्यावरनं?" एका मामांनी विचारलं.

आण्णांनी चपला काढल्या आणि कमानीखाली जाऊन उभे राहिले. सेंटरिंग ज्यांवर टेकलेलं असतं त्या पाचरी काढताना बांधणाऱ्यानं खाली उभं राहायचं, ही त्यांच्या उस्तादांची रीत. रोमन गवंड्यांबद्दलही असंच सांगतात, खरंखोटं माहीत नाही.

"तू तिकडं सर," आण्णा मला म्हणाले.

मी सरले नाही. त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

दोन गडी कडेनं पाचरींवर हातोडा घालू लागले. चुन्याची भुकटी केसांत पडली. कमान सूतभर खाली आली आणि थांबली.

"बसली," आण्णा म्हणाले. "आता न्हाय हालायची."

सेंटरिंग पुरतं निघाल्यावर त्याच मामांनी स्वतः ट्रॅक्टर पलीकडं नेला आणि परत आणला. पुण्यात मी मोठमोठे पूल कागदावर काढते, पण त्या दिवसाइतकी मान कधी ताठ झाली नव्हती. रोमला कधीतरी जाईनच. तिथल्या कमानींखाली उभी राहून कुणालातरी आण्णांचं नाव सांगायचं आहे.

दिवेलागणीला घरी पोचलो. आईनं दारातच विचारलं, "कसा झाला वो पूल?"

मला वाटलं, आता कमानीचं कौतुक सुरू होणार.

"पोरगी खाली हुबी राहिली माझ्यासंगं," आण्णा म्हणाले, आणि हातपाय धुवायला गेले.