एकाच ताग्याचे कपडे

गल्लीत तिला सगळे फिटिंगवाली म्हणायचे. कुणाचा ढगळ सदरा आत घे, कुणाची तंग झालेली पँट सैल कर, दिवसभर हेच. स्वभावही तसाच. आनंदाची गोष्ट असली तरी ही आधी उलटी करून बघणार, आतून कुठे शिवण उसवली आहे का ते. त्यामुळे नवऱ्यानं शाळेची गाडी दारात लावून, आत येता येता, "सुट्टीत थीम पार्कला जायचं, ठरलं!" असं जाहीर केलं, तेव्हा लेक पलंगावर उड्या मारायला लागली आणि ही घाबरली.

भीती पाळण्यांची नव्हती. आई हरवेल, ही भीती होती.

आई त्यांच्याकडेच राहायची. जन्मभर तिनं कपड्याच्या कारखान्यात काजं केली, इस्त्री केली, घड्या घातल्या. आता तिला चेहरे दगा द्यायला लागले होते. जावयाला ती कारखान्यातला मास्तर समजायची, नात म्हणजे कुणाची तरी गोड पोरगी. स्वतःच्या लेकीला तेवढी अजून ओळखायची, बहुतेक वेळा. मागे एकदा दार उघडं राहिलं आणि ती चालत निघाली, ती सापडली हमरस्त्याच्या पलीकडे, बसथांब्यावर. त्या भरधाव गाड्यांमधून ती पलीकडे गेली कशी, हे आठवलं की फिटिंगवालीच्या अंगावर काटा यायचा.

आता प्रश्न राहायचं कुठे याचा. पार्कच्या आत एक हॉटेल होतं आणि बाहेर, रस्त्याला लागून, लॉज. नवऱ्याचं मत लॉजकडे.

"खोल्या मोठ्या, गाडी दारात उभी, पैसे निम्मे. झोपायलाच तर जायचं ना खोलीत? आतलं हॉटेल म्हणजे नुसती लूट आहे लूट."

तिनं मोबाइल हातात घेऊन लॉजचे फोटो मोठे करून पाहिले. जिना उतरलं की फाटक नाही, कुंपण नाही, सरळ रस्ता.

"आणि आई उतरली तर?"

"मी आहे ना!"

"तू असतोस रे, पण झोपलेला असतोस."

आतल्या हॉटेलला चहूबाजूंनी भिंत होती, पाहुण्यांसाठी एकच फाटक, त्यावर पहारेकरी, शिवाय प्रत्येकाच्या मनगटाला खोलीच्या क्रमांकाची पट्टी. तिनं आतलंच घ्यायला लावलं. पण एवढ्यानं गप्प बसेल तर ती फिटिंगवाली कसली. आईला चेहरे विसरायला व्हायचे, कापड नाही. कुठलंही कापड दोन बोटांत धरून ती अजूनही बरोबर सांगायची, सुती की मिश्र धाग्यांचं.

घरात एक तागा पडून होता, निळ्यावर पिवळे ठिपके असलेला. ठेकेदाराच्या मोठ्या कामातून तो उरला होता, आणि उरलेलं कापड शिवणारीचं, असा त्या धंद्यातला रिवाज. ठेकेदार कापड टाकायचा, मापं द्यायचा. माल कुणासाठी हे मात्र कधी सांगायचा नाही. हिनं परस्पर गिऱ्हाईक गाठलं तर? तिनंही कधी विचारलं नव्हतं. त्या ताग्यातून तिनं सगळ्यांचे कपडे बेतले. आईसाठी लांब सदरे, त्याच कामाचा कागदी नमुना भिंतीला लटकत होता, तोच ठेवून कापले.

"आपण काय बँडवाले आहोत का?" नवरा आरशात स्वतःकडे बघत म्हणाला.

तिनं मनावर घेतलं नाही. निघायच्या दिवसापर्यंत तिनं आईकडून घोकून घेतलं. "हे कापड दिसेल तिथं थांबायचं. या कापडाच्या माणसांबरोबरच राहायचं."

"कळलं गं," आई म्हणायची. "किती वेळा सांगशील?"

हॉटेलच्या दालनात पाऊल टाकलं आणि फिटिंगवाली जागीच थांबली. समोरून साफसफाईची एक बाई ढकलगाडी घेऊन येत होती. तिच्या अंगात निळ्यावर पिवळे ठिपके असलेला लांब सदरा. तिच्या मागून दुसरी आली. जिन्यावर तिसरी फरशी पुसत होती. बाहीची दुमडपट्टी दुरूनही ओळखू येत होती, कारण ती हिचीच टीप होती.

नवरा पोट धरून हसला. "घ्या! सगळं हॉटेल आपल्या घरचं निघालं!"

"आपण बाहेरच्या लॉजवर जाऊ या," ती कुजबुजली. "आत्ताच."

"अगं, आतलंच हवं म्हणून तूच माझं डोकं खाल्लंस ना? उद्या सकाळी आईंना दुसरं काहीतरी विकत घेऊ. आजचा दिवस हात धर त्यांचा. मी तिकिटांचं बघून येतो."

तिनं स्वतःचा स्वेटर आईच्या अंगात घातला. आईनं तो काढला. पुन्हा घातला, पुन्हा काढला. मग तिनं आईचं मनगट असं घट्ट धरलं की आई कळवळली. नुसती वेंधळी भीती होती ती, पण खरी होती. समोरून निळा सदरा गेला की आईची मान वळायची, आणि दर वेळी हिचा जीव टांगणीला लागायचा.

तेवढ्यात लेकीच्या सँडलचा पट्टा तुटला. पोरगी रडायला लागली. फिटिंगवालीच्या पर्समध्ये सुई-दोरा कायमचाच. आईला बाकावर बसवून ती खाली वाकली, आणि सुईत दोरा ओवायला दोन्ही हात लागले. चार टाके घातले असतील. मान वर केली तर बाकावर स्वेटर आणि त्यावर मनगटाची पट्टी, तोडून व्यवस्थित घडी घातलेली.

"आई!"

दालनात निळे सदरे इकडून तिकडे चालले होते. तिनं धावत जाऊन एकीचा खांदा धरला. परकी बाई दचकून वळली. दुसरीला धरलं, तीही परकी. लेकीला ओढत ती एका बोळातून दुसऱ्या बोळात पळाली. सगळे बोळ सारखे, सगळी दारं सारखी, आणि प्रत्येक बोळाच्या टोकाला निळी पाठ. प्रत्येक पाठ आईची वाटायची आणि तिथं पोचेपर्यंत नसायची.

शेवटी तिनं फाटक गाठून आई हरवल्याचं सांगितलं. पहारेकऱ्यानं शांतपणे विचारलं, "कपडे कुठले आहेत अंगावर?"

तिनं नुसतं समोरच्या झाडूवालीकडे बोट दाखवलं.

पहारेकऱ्याचा चेहरा उतरला. "बाई, आत्ताच पाळी सुटली. कामावरच्या बायका मागच्या फाटकानं जातात, बाहेर हमरस्त्यावर त्यांची बस असते. गणवेशातल्या माणसाला आम्ही अडवत नाही."

हमरस्ता. ज्या रस्त्याच्या भीतीनं ती इथं आली होती, त्या रस्त्याचं दार तिनं स्वतःच्या हातानं शिवून आईच्या अंगात घातलं होतं. नवरा धापा टाकत आला. या वेळी त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. हमरस्त्याचं ऐकताच तो मागच्या फाटकाकडे पळाला.

पहारेकऱ्यानं सगळीकडे फोन लावले. फोन कानाला धरून तो ऐकत होता आणि फिटिंगवाली त्याच्या ओठांकडे बघत होती. शेवटी तो म्हणाला, "तळघरात जा. धुलाईखान्यात. एक म्हातारी बाई आहे म्हणतात, त्यांच्या माहितीतली नाही."

ती जिना उतरली की पडत गेली, तिचं तिला कळलं नाही. धुलाईखान्यात वाफ कोंडली होती, यंत्रं घरघरत होती. लांब टेबलाशी निळ्या सदऱ्यांच्या बायका उभ्या होत्या आणि त्यांच्यामध्ये आई, उशांचे अभ्रे घडी करत होती. एकावर एक, कडेला कड. इतकं स्वस्थ तिला बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

"केव्हाच्या लागल्यात," एक बाई हसून म्हणाली. "हात कसला चालतो हो यांचा!"

फिटिंगवालीनं भिंतीला टेकून श्वास घेतला. सापडली. रस्ता नाही, गाडी नाही, काही नाही. ती पुढे झाली.

आईनं वर पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरून नजर फिरली, थांबली नाही. मग आईनं तिच्या बाहीचं कापड दोन बोटांत धरलं, चाचपलं, आणि समाधानानं मान हलवली.

"नवीन लागलीस का गं?"

लेक आजीकडे झेपावणार होती. फिटिंगवालीनं तिचा दंड धरून ठेवला.

"हो," ती म्हणाली. "आजच."

"मग बघत काय उभी राहिलीस? धर ते टोक."

तिनं चादरीची दोन टोकं धरली. दोघींनी चादर ताणली, झटकली, दुमडली, चालत एकमेकींजवळ आल्या. टोकांना टोकं जुळली.

"घडी चांगली घालतेस," आई म्हणाली. "कुणी शिकवलं?"

"माझ्या आईनं."

"हो का? कुठे असते ती?"

फिटिंगवालीनं ढिगातून पुढची चादर ओढली आणि तिची दोन टोकं आईच्या हातात दिली.