माशांच्या टाकीत कुर्ली

मंडळी, सांगते मी आणि टाइप करते नात सावी, नाक पुसत.

तिनं कालच माशांची काचेची टाकी मांडली. आज शेजारणीनं शेतातली जिवंत कुर्ली दिली. घाटावरचे तिला खेकडा म्हणतात. रांधेपर्यंत कुर्ली पाण्यात ठेवायची आमची रीत. टाकीत पाणी होतंच.

मी हुमणाच्या कालवणासाठी नारळ खवून येते तर एका माशाचे दोन तुकडे, दुसऱ्याचं डोकं नांगीत, तिसरा बिनशेपटीचा तडफडतोय.

कुर्ली फोडायला मी वरवंटा उचलला. सावी आडवी आली. "आजी, नको. माझे मासे तिच्या पोटात आहेत."

"बाये, मग हुमण आणखी चवीचं होईल."

तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही, फक्त टाइप करते. दुपारी नुसता डाळभात जेवलो. कुर्ली टाकीत ऐटीत बसलीय.

तुम्ही असता तर शिजवली असती, की पोसली असती?