परीक्षेत न येणारा धडा

गडचिरोलीच्या अभ्यासकेंद्रावर मी दर रविवारी नोकरी-संसार सांभाळून बीए करणाऱ्यांना मराठी शिकवतो. त्यांतल्या एक बाई भामरागडकडून शनिवारीच एसटीने येत; पावसाळ्यात मात्र पुरामुळे तो रस्ताच बंद पडे. वय पन्नाशीकडे झुकलेलं. वर्गाबाहेर चपला काढून आत येत, कुणाच्या घरी आल्यासारख्या. एखादं वाक्य आवडलं की ते पुटपुटत पुन्हा म्हणून बघत.

परीक्षा नेमकी तेंदूपत्त्याच्या हंगामात येते. तेव्हा घरातले सगळे पहाटे जंगलात जातात आणि दुपारभर पानांचे पुडे बांधतात. त्यामुळे शेवटच्या वर्षाचे पेपर बाईंना मागल्या खेपेलाही देता आले नव्हते.

यंदा हंगामाआधीच्या शेवटच्या रविवारी मी महत्त्वाचे प्रश्न सांगितले आणि वर्ग रिकामा झाला. बाई बसूनच होत्या.

"सर, शेवटला धडा अर्धाच राह्यला नं."

"त्यावर प्रश्न येत नाही, बाई."

"मी तं यंदाबी परीक्षेले येऊन नाई राह्यली. मले प्रश्नाचं काय करा लागते?" त्या हसल्या.

मला हसता आलं नाही. परीक्षेत येत नाही म्हणून तो धडा मी स्वतःसुद्धा कधी पुरता वाचला नव्हता. मी पुन्हा खुर्चीत बसलो आणि वाचायला लागलो. पहिलं पान उलटताना त्यांनी मला थांबवलं.

"जरा हळू वाचा नं, सर. आता पाऊस सरेपर्यंत माहं येणं होत नाई."