वीबेच्या तीस रात्री

बायको गेस्के वारल्यापासून वीबेला अ‍ॅमस्टरडॅमच्या घरात झोप येईना. म्हणून त्याने घर पर्यटकांना भाड्याने दिलं आणि स्वतः हार्लेमला बहिणीकडे राहिला. घरी पाहुणे आहेत, एवढं कारण तिकडे न जायला पुरत होतं. पालिकेच्या नियमाने घर वर्षाला तीसच रात्री पर्यटकांना देता येतं; मे महिन्यातच त्या संपल्या. त्याने पालिकेत फोन केला.

"अजून थोड्या मिळतील का?"

"नाही हो काका. घर राहण्यासाठी असतं. तुम्हीच राहा की तिथे!" पलीकडची मुलगी हसून म्हणाली.

"बरं," वीबे म्हणाला.

बहिणीने विचारलं, "मग आता जाशील ना रे घरी?"

तो दुपारी घरी पोहोचला. पाहुण्यांनी भांडी घासून ठेवली होती. कोट न काढताच तो खुर्चीत बसून राहिला. रडूही आलं नाही.