भावाच्या गणितासाठी गाऱ्हाणं

अमेरिकेत शिकणारा माझा भाऊ कॉम्प्युटरवर गणित मांडायचा: थंड वारा तळ्यावरची वाफ उचलून कुठल्या गावावर बर्फ टाकणार. मोठं वादळ येतंय, गणित जमलं तर पदवी पक्की, असं त्याने फोनवर सांगितलं. रत्नागिरीत आमच्या वडिलांनी, आबांनी, लगेच ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घातलं, "पोराचं गणित खरं होऊ दे."

देवळातून उतरताना मी चिडून म्हटलं, "आबा, त्याच्या गणितात वादळ त्याच्याच गावावर येतंय." आबा पायरीवरच बसले.

रविवारी शेजारच्यांकडे त्याचा ठरलेला फोन आला नाही. आबा न जेवता परत देवळात गेले, नारळ ठेवून गाऱ्हाणं फिरवलं, "पोराचं गणित चुकू दे."

बुधवारी फोन आला. भाऊ रडवेला झाला होता. "गणित चुकलं, आबा. सगळा बर्फ पलीकडच्या गावावर पडला."

आबांनी विचारलं, "तिथे कोण राहतं रे?"