उघडा पत्रा

नर्सबाईंची गाडी अंगावरचा सगळा रंग उतरवून शेडच्या मधोमध उभी होती, आणि ज्याने तो रंग उतरवला तो पेंटर दवाखान्यात तोंडावर ऑक्सिजनचा मास्क लावून पडला होता.

पेंटरच्या बायकोला गल्लीत सगळे वहिनी म्हणत. शेडच्या अर्ध्या भागात तिचा धाकटा दीर पत्रा ठोकायचं काम करायचा. त्याची दिवसभर ‘वहिनी, वहिनी’ चालायची, ते ऐकून पंक्चरवाल्यापासून बॅटरीवाल्यापर्यंत सगळ्यांनी तेच नाव उचललं. नवी नवरी होती तेव्हा थिनरच्या वासानं तिला मळमळायचं. पुढे घरात बसून करमेना म्हणून ती घासकामाला आली आणि तिथलीच झाली. पत्र्यावरून नुसती बोटं फिरवून ती खड्डा सांगायची. नवरा म्हणायचा, “हिच्यापासून केसाएवढं लपत नाही, म्हणून मी काही लपवायचंच सोडलं.” पण फवारायची गन मात्र तिनं कधी हातात धरली नव्हती. ती त्याची.

त्याचा दम काही एका दिवसात गेला नव्हता. फिल्टरचा मास्क तिनं केव्हाच आणून खिळ्याला लावला होता. “त्यात गुदमरतं,” म्हणून हा गडी तोंडाला रुमाल बांधून गाड्या रंगवत राहिला. खोकला आला की म्हणे, हवा बदलली. त्या दिवशी दारांच्या खालच्या कडेला गंज मारायचं ॲसिड लावता लावता तो खाली बसला तो उठेनाच. ओठ निळे पडले होते. दिरानं उचलून रिक्षात घातलं, वहिनीनं वाटभर त्याची पाठ चोळली. त्या घाईत ॲसिडची बाटलीसुद्धा उघडीच राहिली.

नर्सबाई समजूतदार. घरोघरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्यांच्या जखमा बांधायचं त्यांचं काम, त्यात गाडी नाही म्हणजे पाय तुटल्यासारखंच. तरी त्या म्हणाल्या, “आधी त्यांच्याकडे बघा. मी करते काहीतरी.” माणसं थांबायला तयार होती. पत्रा थांबायला तयार नव्हता.

हवा ओली होती. ढग घरांच्या छपरांना टेकल्यासारखे, दोरीवरचे कपडे वाळता वाळत नव्हते. अशा हवेत उघडा पत्रा म्हणजे कापलेलं सफरचंद. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी शेडमध्ये आली तर बॉनेटवर अख्खा पंजा उमटलेला, पाचही बोटं, तांबूस. आदल्या दिवशी दीर तिथं हात टेकून उभा होता, त्याच्या घामाचा तो गंज. एका रात्रीत पंजाएवढा, तर सगळ्या गाडीवर चढायला किती वेळ लागणार?

“प्रायमर मारून टाकू,” दीर म्हणाला. “मी मारतो हवं तर. काही अवघड नाही.”

“कुठला?”

फळीवर दोन डबे होते. एक ॲसिडवाला प्रायमर, पातळ, पत्र्याला चावून बसणारा. दुसरा इपॉक्सी, दोन भाग मिसळून मारायचा, जाड आणि चिवट.

“ॲसिडवाला. चहा होईपर्यंत सुकतो. इपॉक्सी या हवेत सुकायचा कधी, आणि तोवर धूळ बसली म्हणजे?”

“टपावरच्या खड्ड्यांना पुट्टी लागणार आहे ना?”

“लागणार.”

“मग ती कशावर बसणार? ॲसिडवाल्यावर पुट्टी घातली की फुगते. मागे मीच घासून काढलीय.”

दिराचं म्हणणंही काही खोटं नव्हतं. इपॉक्सी पाणी आत शिरू देत नाही, पुट्टी धरतो, सगळं खरं. पण थंड ओल्या हवेत तो चिकटच राहिला तर सगळी गाडी पुन्हा खरवडायची. इकडे आड, तिकडे विहीर. आणि हे ज्याला विचारायचं त्याला बोलायची बंदी.

दवाखान्यात ती त्याच्या कानाशी वाकली. “अहो, बोलू नका. एक बोट म्हणजे ॲसिडवाला, दोन म्हणजे इपॉक्सी.”

त्यानं लगेच दोन बोटं दाखवली. तिचा जीव भांड्यात पडतोय तोच त्यानं दोन्ही तळवे एकमेकांवर चोळायला सुरुवात केली. थंडी वाजत असेल म्हणून तिनं पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं. त्यानं ते झटकलं, पुन्हा हात चोळले, जोरात, आणि डोळे मोठे करून तिच्याकडे बघितलं. मग खोकला उसळला. वॉर्डातली सिस्टर धावत आली. “बाई, तुम्ही बाहेर थांबा बरं.”

बाहेरच्या बाकावर वहिनी आपल्याच हातांकडे बघत बसली. एका डब्यासाठी आपण माणसाचा श्वास उसना घेतला, असं तिला वाटलं. आतला खोकला थांबला की तिला बरं वाटायचं, आणि फारच शांत झालं की जास्त भीती वाटायची. शेवटी सिस्टर येऊन म्हणाली, “झोपलेत. जा तुम्ही.”

शेडमध्ये येऊन ती दाराच्या खालच्या कडेपाशी उकिडवी बसली. जिथं ॲसिड लावलं होतं तिथं करडा थर वाळला होता, त्याच्यावर पांढरट भुकटी. हात चोळणं. थंडी नव्हे. धुणं. ॲसिड तसंच ठेवून वर इपॉक्सी मारला तर तो सुकणारच नाही, आणि सुकला तरी पत्रा सोडेल.

“भावोजी, पाइप आणा. गाडी धुवायची.”

दिरानं हातातला हातोडा खाली ठेवला. “वहिनी, उघड्या पत्र्यावर पाणी? या हवेत? तो पंजा बघितलात ना?”

“ते म्हणाले.”

“दादा बोलला?”

“बोलले नाहीत. हात चोळले.”

“थंडी वाजली असेल त्याला.”

वहिनी पुन्हा दाराकडे वळली. अर्थ आपण लावला, चुकीचा असेल तर सगळ्या गाडीला आपल्या हातानं गंज लावू. तिनं करड्या थरावरून बोट फिरवलं. पिठासारखं सुटून आलं. यावर काहीही चिकटणार नाही, एवढं बोटाला कळत होतं.

“हे असं ठेवून मी मारणार नाही,” ती म्हणाली. “पाणी मी घालते. तुम्ही हवा मारा. थेंब राहता कामा नये.”

मग दोघांची जी तारांबळ उडाली ती बघायला पंक्चरवाला दुकान सोडून आला. ती दाराची कड घासून धुवायची, दीर कॉम्प्रेसरची हवा घेऊन पाण्याच्या मागे लागायचा. पाणीही भलतं लबाड, एका सांध्यातून पळवलं की दुसऱ्यातून डोकवायचं. धुऊन झाल्यावर तिनं गरम हवेचं यंत्र हातात घेतलं. पत्रा वाळतानाच पिवळट पडायला लागला, तसा तिच्या कपाळाला घाम सुटला, आणि तो घाम पत्र्यावर पडेल म्हणून तिनं डोक्याला फडकं बांधलं. जिथं जिथं पत्रा पिवळा पडला तिथं तिथं पुन्हा घासायचा कोरडा कागद मारला, पंजाही घासून काढला. मग एका फडक्यानं तेलकटपणा काढायचं औषध लावायचं आणि ते उडून जायच्या आत दुसऱ्यानं पुसायचं. आता पत्रा स्वच्छ होता, म्हणजे सगळ्यात नाजूक होता.

“द्या गन,” दीर म्हणाला.

“नको. तुमचा हात ठोकायचा आहे.”

खिळ्यावरचा मास्क तिनं काढला, झटकला, तोंडावर घट्ट बांधला. खरंच गुदमरत होतं. इपॉक्सीचा दुसरा भाग, हार्डनर, मिसळून ठेवलेलं मिश्रण मुरल्यावर गनमध्ये ओतलं आणि आधी एका जुन्या पत्र्यावर मारून बघितलं. मग टपापासून सुरुवात केली. नवऱ्याला इतकी वर्षं बघितलेलं होतं: गन पत्र्याला समांतर, मनगट वळवायचं नाही, मागचा पट्टा पुढच्यानं अर्धा झाकायचा. टप झाला, बॉनेट झालं. डाव्या दारावर मात्र दवाखान्यातला तो खोकला कानात आला, हात क्षणभर थांबला आणि लगेच ओघळ आला. तिनं तो तसाच सोडला. ओल्या रंगाला जो शिवला तो फसला, हे तिला ठाऊक होतं.

ठरावीक वेळ जाऊन दुसरा हात दिला, तरी संध्याकाळपर्यंत चिकटपणा गेला नव्हता. डिकीच्या आतल्या कडेला, जिथं दिसणार नाही, तिथं ती सारखी बोट लावून बघायची. शेवटी दीर म्हणाला, “वहिनी, बोटं लावून लावूनच तुम्ही काढून टाकाल तो.” तेव्हा ती घरी गेली. जेवण गेलं नाही. ताटातला घास चिवडत ती हवेकडे बघत होती.

सकाळी शेडचं दार उघडलं तर गाडी राखाडी रंगात कोरडी उभी होती. तिनं नख लावलं. नख घसरलं. दाराच्या खालच्या कडेला ब्लेडनं बारीक चौकडी पाडली, चिकटपट्टी दाबून लावली, आणि डोळे मिटून खस्सकन ओढली. पट्टी उजेडात धरून बघितली. पट्टीवर रंगाचा कणही नव्हता. ती तिथंच रिकाम्या डब्यावर बसली. दिरानं विचारलं, “काय झालं?” तर तिनं नुसती पट्टी वर धरली. तो घाबरून जवळ आला, पट्टी बघितली आणि गुपचूप चहा सांगायला गेला.

पेंटर घरी आला तो डॉक्टरांचा निकाल घेऊनच: गन पुन्हा धरायची नाही, फवारणी चालू असताना शेडमध्ये पाऊल टाकायचं नाही. तो आधी गाडीपाशी गेला. भोवती एक फेरी मारली. डाव्या दाराशी थांबला.

“इथं हात थांबला होता.”

“हो.”

“कशानं?”

“तुमचा खोकला आठवला.”

त्यानं ओघळावरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, “गन चालू असताना माझा विचार करायचा नाही. बाकी दिवसभर कर.” दीर पलीकडे हसला आणि ठोकायला लागला.

ओघळ तिनं घासून काढला, पुट्टी भरली, वरचे सगळे हात तिनंच दिले. तो बाहेर खुर्ची टाकून फक्त सांगायचा, आणि तासातासाला खिडकीतून विचारायचा, मास्क नीट बसलाय ना. पूर्वी हे तीच विचारायची, आणि तो ‘हो’ म्हणून रुमाल बांधायचा.

तेव्हापासून शेडमध्ये गन तिचीच. गाड्या येत राहिल्या, तिचा हात बसला. पण नर्सबाई कधी गाडी थांबवून बोलायला लागल्या, की वहिनी बोलता बोलता खाली वाकते, दारांच्या खालच्या कडा बोटानं चाचपते, आणि मगच सरळ उभी राहते.

“अहो, कधीतरी माझीही तब्येत विचारा,” नर्सबाई म्हणतात.

“तुमची काय, तुम्ही बोलून सांगता. पत्रा कुठं सांगतो?” वहिनी म्हणते, आणि दुसऱ्या बाजूचं दार बघायला जाते.