डबल बेल

वर्धा जिल्ह्यात धीर नावाची जी काही चीज शिल्लक आहे, ती सगळीच्या सगळी आमच्या साडभाऊंकडे जमा झालेली आहे. बाकीच्यांच्या वाट्याला चिमूटभरही उरलेली नाही. मी तापट आहे, चिडका आहे, वर्गात खडू फेकून मारतो, असं माझ्याबद्दल देवळीत बोललं जातं, ते खरं आहे. पण एकाच घराण्याच्या दोन जावयांत एकानं सगळा धीर उचलून नेल्यावर दुसऱ्यानं काय करायचं, तुम्हीच सांगा.

साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या ताईंचे यजमान. वर्ध्याला राहतात. बत्तीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. रिटायर झाल्यावर माणसं देवळात जाऊन बसतात, शेताकडे वळतात, नाहीतर सोसायटीच्या निवडणुकीला उभी राहतात. साडभाऊंनी बंदूक हातात घेतली. घाबरू नका, कॉम्प्युटरवरची. मुलगा नोकरीला हैदराबादला गेला, त्याचा कॉम्प्युटर मागे राहिला, आणि त्यात तो एक खेळ राहिला. पाच जणांची तुकडी असते, एक इमारत असते, आत बदमाशांनी माणसं डांबून ठेवलेली असतात, आणि आपण एकेक दार सांभाळून उघडत त्यांना सोडवायचं असतं. पाचही जण आपापल्या घरी बसून कानाला हेडफोन लावून एकमेकांशी बोलत खेळतात. याला टॅक्टिकल शूटर म्हणतात हे मला साडभाऊंनी सांगितलं. तोवर मी त्याला रिकामटेकडेपणा म्हणत होतो.

"मास्तर, बाकीच्या गेमीत जो पयत सुटते तो जिकते," ते मला पहिल्याच दिवशी म्हणाले. "ह्या गेमीत जो पयत सुटते तो मरते. बत्तीस वर्षं मी लोकायले सांगून राह्यलो, का बावा, चालत्या गाडीत चढू नका. कोनी आयकलं नाई. हा गेमवाला आयकते." मनासारखा कायदा असलेलं एक जग माणसाला साठीनंतर सापडलं, तर तो त्यातून बाहेर कशाला येईल?

तुकडीही त्यांनी गाडी भरावी तशी भरली. आर्वीचा एक वीज खात्यातला लाइनमन, हिंगणघाटचे एक औषध दुकानदार, आणि कारंजा घाडगेला हायवेवरच्या ढाब्याच्या गल्ल्यावर बसणारी एक मुलगी. ही पोरगी गिऱ्हाइकाला सुटे पैसे देता देता दोन बदमाश टिपते, एवढी तयारीची. पाचवा कोणी मिळेना म्हणून मला ओढलं. साडभाऊंना कोणाचंच नाव लक्षात ठेवायचं नसे. ते सगळ्यांना स्टॉपच्या नावानं हाक मारत. "आर्वी, खाली बसा. हिंगणघाट, दाराच्या मंधात उभे राहू नका, दार मोकळं ठेवा. कारंजा, पुढे सरका, पुढे जागा हाये." मी देवळी. पहिल्या दिवशी मी हातबॉम्ब फेकला तो चौकटीला लागून परत आला आणि आम्ही पाचही जण जागच्या जागी मेलो. हेडफोनमध्ये साडभाऊंचा तो बसस्टँडभर घुमणारा आवाज आला, "देवळी, शाळेत खडू बी असाच फेकता का?" कारंजावाली एवढी हसली की ढाब्यावरचा ट्रकवाला विचारायला आला म्हणे, काय झालं.

आणि तो आवाज! अहो, तो आवाज हीच त्या माणसाची खरी दौलत होती. भरलेल्या गाडीत, मागच्या सीटवरच्या झोपलेल्या म्हातारीला तिचं गाव आलं हे पुढच्या दारातून कळवणारा आवाज. ओरडणं नाही, खरखर नाही. लांब, भरदार आणि आश्वासक. कामगिरी फत्ते झाली की ते न चुकता, दर वेळी, तेच एक वाक्य म्हणत, "वर्धाsss. वर्धा बसस्थानक. सामान पाहून उतरा." ते ऐकलं की आम्ही हसत हसत एकेक करून खेळातून बाहेर पडायचो. त्या वाक्याशिवाय कोणी उतरायचं नाही, असा जणू नियमच पडून गेला होता.

मग त्या नव्या खेळाची बातमी आली. याच जातीचा, पण मोठा. नाव इंग्रजी आणि एवढं लांब की ताई त्याला नुसतं 'ते येनारं' म्हणत. त्याचं दोन मिनिटांचं ट्रेलर साडभाऊंनी अकरा दिवसांत पाहिलं. जरा पुढे न्यायचे, थांबवायचे, एसटीच्या जुन्या मार्गपत्रकाच्या पाठीमागे नकाशा काढायचे. कुठल्या इमारतीला किती जिने, कुठलं दार आत उघडतं, कुठलं बाहेर. मला म्हणाले, "तुम्ही भूगोल शिकवता न, हे मापात काढून द्या." मी म्हटलं, मी नद्या आणि पिकं शिकवतो, जिने शिकवत नाही. "नदीले पायऱ्या नसते का? पवनारच्या घाटावर का हाये मंग?" बसलो पट्टी घेऊन. पवनारलाच एका लग्नात, मंगलाष्टकं चालू असताना, अक्षता मुठीत धरून हा गृहस्थ माझ्या कानाशी पुटपुटला, "दोन दारं, एक खिडकी, अन् जेवनवाल्याच्या मागं तिसरं. मास्तर, आपन तिथून येऊ." नवरीचा बाप समोरच होता. मी मरणाचा लाजलो.

उन्हाळ्यात त्यांनी नव्या खेळाला पुरेल असा कॉम्प्युटर जुळवून घेतला. वर्ध्याचा उन्हाळा तुम्हाला सांगायला नको. घरात कूलर एकच, आणि त्याचं तोंड कॉम्प्युटरकडे. ताई पदरानं वारा घेत बाजूला बसलेल्या. "मले ताप आला तरी इतकं पाहत नाई हे," त्या मला म्हणाल्या. मी सांगितलं की ओल्या हवेनं यंत्र बिघडतं, तेव्हा कुठे कूलर ताईंकडे वळला. त्याबद्दल ताई मला आजही जास्तीची पुरणपोळी वाढतात.

बैठकीत त्यांनी एक काळा फळा टांगला होता. खडूनं आखलेले रकाने, वर लिहिलेलं: गाडी, सुटण्याचे ठिकाण, येण्याची वेळ. खाली एकच ओळ. नव्या खेळाचं नाव, 'परदेश', आणि दिवाळीच्या आधीची एक तारीख. दसऱ्याच्या सुमारास कंपनीनं खेळ पुढे ढकलला. मी हेडफोनमध्ये कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. साडभाऊंनी शांतपणे तारीख पुसली आणि लिहिलं, 'उशिरा'. "लेट हाये मास्तर, रद्द नाई. लेट अन् रद्द ह्याच्यात लय फरक हाये. लेट गाडीचा प्यासेंजर घरी जात नाई."

खरी भानगड दुसरीच होती, आणि ती आमच्यातल्या कोणाच्याच ध्यानात आली नव्हती. उन्हाळ्यापासून त्यांचा आवाज बसत चालला होता. आम्हाला वाटलं, कूलरची हवा. ताईंनी बळजबरीनं दवाखान्यात नेलं तेव्हा कळलं, स्वरयंत्रावर गाठ आहे. डॉक्टर म्हणाले, काढायला हवी, उशीर नको. काढल्यावर आवाज पहिल्यासारखा येईलच असं सांगता येत नाही. यावर आमच्या साडभाऊंनी डॉक्टरांना काय विचारलं असेल? "गेम आल्यावर काढली तं चालते का?" मी त्या दिवशी एवढा भडकलो की मोठ्या साडभाऊशी बोलतोय हेही विसरलो. जिवापेक्षा खेळ मोठा झाला का तुम्हाला, म्हणून वाट्टेल ते बोललो. त्यांनी ऐकून घेतलं. मग घोगऱ्या आवाजात म्हणाले, "ड्रायवर बिमार पडला तं दुसरा भेटते. कंडक्टर मुका झाला तं गाडी कोन हालवन? एकडाव तुमाले सगळ्यायले ह्याच आवाजात त्या गेमीतून घेऊन जातो. मंग काय कापाचं ते कापू दे." चिडचिड्या माणसाचं हेच वाईट असतं, रडू आलं की तो गप्प बसतो आणि लोकांना वाटतं रुसला.

त्यांना हलवलं ते ताईंनी. फळ्यासमोर उभ्या राहिल्या, 'उशिरा' या शब्दावर बोट ठेवलं. "गाडी लेट हाये म्हनता न? मंग तवरोक स्टँडवर बसून काय करता? दवाखान्यात जाऊन या. मी जागा धरून ठेवतो." बत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांना असं उत्तर कोणत्याही प्रवाशानं दिलं नसेल. दुसऱ्या आठवड्यात ऑपरेशन झालं.

गाठ साधी निघाली. आम्ही सुटलो, पेढे वाटले. आवाज मात्र गेला. महिनाभर बोलायचं नाही, कुजबुजायचंही नाही, असा हुकूम होता. तो महिना साडभाऊंनी असा पाळला की घरातली पाल देखील त्यांच्यापेक्षा जास्त बोलली असेल. महिना संपल्यावर तोंड उघडलं, तर नुसती हवा. अधूनमधून एखादं अक्षर. मला वाटलं, झालं, संपली गाडी. फळा आता पुसतील. मी मुद्दाम भेटायला गेलो, तर दाराची घंटी गायब. त्यांच्या दारावर एक जुनी पितळी घंटी होती. भंगारात निघालेल्या एका गाडीतली, रिटायर होताना डेपोतल्या सोबत्यांनी दिलेली. दार ठोठावून आत गेलो. ती घंटी कॉम्प्युटरच्या वर, माइकशेजारी, दोरीसकट टांगलेली. साडभाऊंनी माझ्या हातात पाटी दिली. लिहिलं होतं: 'सिंगल बेल, थांबा. डबल बेल, चला. टेबलावर थाप, गाडी मागं घ्या.'

अहो, या महाराष्ट्रात हे कोणाला शिकवावं लागतं का? त्याच संध्याकाळी जुन्या खेळात सराव सुरू झाला. टण! पाचही जण जागेवर. टण टण! पुढे. टेबलावर थाप पडली की सगळे पावलं मोजत माघारी. रोज संध्याकाळी एक तास, एक दिवस चुकवला नाही या माणसानं. आणि तिसऱ्या दिवशी सातच्या सुमाराला आम्ही एका बंद दाराशी दबा धरून बसलेलो असताना कानात टण टण टण टण वाजलं. आम्हाला वाटलं, जोरात चला. घुसलो. आत सहा बदमाश उभे. पंधरा सेकंदांत आम्ही सगळे मेलो. हेडफोनमध्ये मागून ताईंचा आवाज, "जय देव जय देव…" देवघरातली आरतीची घंटी होती ती! आर्वी हसून हसून खुर्चीवरून पडला. हिंगणघाट म्हणाले, "ताईसाहेब, निदान देवाच्या दारात मेलो." साडभाऊंनी टेबलावर डोकं टेकल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला. त्यानंतर ताईंनी ती घंटी कोनाड्यात ठेवून दिली आणि देवाची आरती टाळ्या वाजवून करू लागल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "देवाले आयकू येते. ह्यायच्या लोकायले एकच घंटी आयकू येऊ दे."

खेळ आला तो होळीच्या तोंडावर, भरदुपारी. फळ्यावर 'उशिरा' पुसून 'फलाटावर लागली आहे' असं लिहिलेलं. मी शाळेतून अर्धी रजा टाकली आणि कारण लिहिलं, कौटुंबिक. खोटं काय होतं त्यात? आर्वीनं आपल्याकडची लाइन सांभाळायला दुसरा माणूस बसवला. कारंजावालीनं गल्ल्यावर बापाला बसवलं. पहिल्या दमात आम्ही मेलो. दुसऱ्या दमात मेलो. पाचव्यांदा मी दमून म्हटलं, आता उद्या बघू. कानात टण टण. आठव्यांदा हिंगणघाट म्हणाले, दुकान उघडायचंय. टण टण. किती वेळा झालं ते आता आठवत नाही. तो माणूस चिडला नाही, थकला नाही. मेलो की दोन टोल, मेलो की दोन टोल. शेवटी त्या ट्रेलरमधल्या जिन्याशी पोचलो, ज्याच्या पायऱ्या मी पट्टीनं मोजल्या होत्या. टण. थांबलो. खूप वेळ थांबलो. माझ्यासारखा माणूस श्वास रोखून थांबला. टण टण. दार उघडलं, आणि पाचच्या पाच जिवंत, डांबलेली माणसं बाहेर.

कोणी ओरडलं नाही. सगळे एकाच गोष्टीची वाट पाहत होते आणि ती आता येणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. कारंजाकडून ट्रकचे हॉर्न ऐकू येत होते, ते बंद झाले; पोरीनं खिडकी लावली असावी. आर्वीनं पंखा बंद केला. मी माझा केला. मग हेडफोनमध्ये खुर्ची पुढे सरकल्याचा आवाज आला. "व…" आणि हवा. थोडा वेळ गेला. "वर्धा." मग पुन्हा हवा, पुन्हा दम. एका वाक्याला किती वेळ लागावा? आम्ही चौघं कानावरचे हेडफोन दोन्ही हातांनी दाबून बसलो होतो. "सामान… पाहून… उतरा."

नियमाप्रमाणे आता एकेकानं बाहेर पडायचं होतं. पडद्यावर आम्हा पाचांची नावं दिसत होती. एक मिनिट गेलं, दोन गेली. देवळी जागेवर, आर्वी जागेवर, हिंगणघाट दुकान विसरलेले, कारंजा नाक ओढत होती. कोणीच उतरेना, तेव्हा साडभाऊंनी डबल बेल दिली.